पडलेल्या खेळांविषयी



ह्या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्याचे अभ्यासक आले, नाट्यसंगीतावर बोलणारे आले, गोमंतकातल्या मराठी शाळांचा इतिहास सांगणारे आले. मी मूळचा पेडण्याचा. डिचोलीत संगणक दुरुस्तीचं दुकान चालवतो आणि गेली तीस वर्षं व्हिडिओ गेम खेळतो. मला बोलावणं आलं तेव्हा मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांनी फोनवर सुचवलं, ‘चांगल्या खेळांवर बोला, मुलांना त्यांतून काय शिकता येतं ते सांगा.’ मी त्यांना विचारलं, आपल्या वार्षिक अंकात परीक्षणं येतात ती सगळी चांगल्याच पुस्तकांची असतात काय? ते हसले. म्हणून आज पडलेल्या खेळांवर बोलणार आहे.

‘पडलेले’ हा शब्द मी नाटकवाल्यांकडून घेतला. आपल्याकडे जत्रेतलं नाटक पडलं की दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या दुकानात त्याची चिरफाड होते. कोणाचं पाठांतर कच्चं होतं, कोणाचा सूर लागला नाही, दुसरा अंक कसा लांबला, पेटीवाल्याने नटाला कसं सांभाळून घेतलं. हे बोलणारा काही टीकाकार नसतो. तो बागायतदार असतो, बसचा कंडक्टर असतो, शाळामास्तर असतो. पण त्याच्यापाशी शब्द असतात, आणि ते त्याला बापाने, काकाने, शेजाऱ्याने दिलेले असतात. नाटकाच्या प्रयोगाला आपण ‘खेळ’च म्हणतो. ह्या दुसऱ्या खेळाविषयी मात्र आपल्या घरांत दोनच वाक्यं आहेत. ‘किती वेळ झाला?’ आणि ‘बंद कर आता.’

ज्यांनी हे खेळ कधी हातात घेतले नाहीत त्यांच्यासाठी एक गोष्ट आधी सांगतो. नाटकात नट चुकला तर तुम्ही खुर्चीत बसून ते बघता. इथं नट तुम्ही असता. तुम्ही बटण दाबता आणि पडद्यावरचा माणूस उडी मारतो. ती उडी तुमची असते. त्यामुळे खेळ वाईट असला की पहिला संशय स्वतःवर येतो. माझंच बोट उशिरा पडलं, मलाच जमत नाही. टाकाऊ कादंबरी वाचून कोणी स्वतःला दोष देत नाही. टाकाऊ खेळ खेळताना दहा वर्षांचं मूल तासन् तास स्वतःला दोष देत बसतं, आणि ‘अरे, हा खेळच वाईट आहे’ असं सांगणारं घरात कोणी नसतं.

माझी सुरुवात १९९५ च्या चवथीला झाली. त्या काळी निन्टेंडो ह्या जपानी कंपनीच्या यंत्राच्या नकला देशभर नाना नावांनी विकल्या जात. तसं एक यंत्र वडिलांनी म्हापशाहून आणलं. सोबत एक पिवळी कॅसेट होती आणि तिच्यावर छापलं होतं की हिच्यात नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ आहेत. चवथीला घरात चुलत-आते मिळून अकरा भावंडं जमलेली. आरत्या आटोपल्या की आम्ही टीव्हीपुढे. मोठ्या बहिणीने वहीत यादी करायला घेतली. चाळिशीच्या आतच खेळ संपले. पुढं तेच खेळ नाव बदलून येत होते. कुठं मारिओ दुसऱ्या पायरीवरून सुरू व्हायचा, कुठं काँट्रातल्या शिपायाला जास्त जीव दिलेले असायचे. वडील कॅसेट घेऊन दुकानात गेले, तर दुकानदार म्हणाला, ‘नऊ हजारापर्यंत खेळणार कोण आहे?’

हे उत्तर तुम्ही लक्षात ठेवा. पुढं शेकडो कोटींचे खेळ काढणाऱ्यांच्या तोंडूनही मी तेच ऐकलं, फक्त इंग्रजी जरा चांगलं होतं.

पडलेल्या खेळांचा आद्यपुरुष अटारी कंपनीचा ‘ई.टी.’. १९८२ साली स्पीलबर्गच्या त्याच नावाच्या चित्रपटावर खेळ काढायचं ठरलं. हक्कांची बोलणी लांबली, नाताळचा बाजार तर गाठायचा होता, आणि हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ ह्या एकट्या प्रोग्रामरच्या वाट्याला जेमतेम पाच आठवडे आले. खेळात तो बिचारा ई.टी. खड्ड्यात पडतो, मान लांब करून तरंगत वर येतो आणि काठावर पोचताच पुन्हा पडतो. न खपलेला माल १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचराभूमीत पुरला गेला. तीस वर्षं लोक ह्याला दंतकथा समजत होते. एप्रिल २०१४ मध्ये तिथं खणलं आणि कॅसेटी खरोखरच सापडल्या. जगातला सर्वांत वाईट खेळ म्हणून ह्याचं नाव घेतात. मला ते पटत नाही. मी तो खेळलोय. त्यात एका माणसाची कल्पना दिसते. फक्त ती तालमीआधीच रंगमंचावर ढकललेली आहे. ह्याच माणसाचा ‘यार्स रिव्हेंज’ हा खेळ अजूनही खेळावासा वाटतो. पाच आठवड्यांत एकट्याने उभं केलेलं नाटक पडलं तर नटाला शिव्या घालणारा प्रेक्षक आमच्या पेडण्यात भेटणार नाही. तो आधी विचारील, तारीख कोणी ठरवली?

तारखेचा प्रश्न पुढच्या खेळात उलटा येतो. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीने ‘सायबरपंक २०७७’ ची घोषणा २०१२ मध्ये केली आणि खेळ बाजारात आला १० डिसेंबर २०२० ला. इतक्या वर्षांनी आला, आणि तरीही कच्चा आला. महागड्या संगणकावर तो दिसायला अप्रतिम होता. पण ज्या जुन्या प्लेस्टेशन ४ यंत्रांवर लाखो लोक तो खेळणार होते त्यांवर तो अडखळत होता, मध्येच बंद पडत होता, माणसं भिंतींतून आरपार जात होती. आठवड्याभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. एवढ्या बड्या खेळावर अशी पाळी पूर्वी आलेली नव्हती.

माझी तक्रार चुकांबद्दल नाही. चुका मी रोज दुरुस्त करतो, माझं पोट त्यावर चालतं. खेळ बाहेर पडण्याआधी परीक्षकांना फक्त संगणकावरची आवृत्ती देण्यात आली होती, आणि परीक्षणासोबत स्वतः घेतलेली दृश्यं दाखवायची मनाई होती. कंपनीने दिलेलीच दाखवायची. म्हणजे पुण्या-मुंबईच्या समीक्षकांना वातानुकूलित नाट्यगृहातला प्रयोग दाखवायचा आणि तिकिटं गावच्या मांडवात विकायची, मांडवात दिवे लागत नाहीत हे ठाऊक असूनही. पुढं कंपनीने खेळ दुरुस्त केला, २०२३ मध्ये त्याला मोठी पुरवणी जोडली, आणि आता तो उत्तम आहे असं सगळे सांगतात. आहेही. पण ‘शेवटी झालं ना चांगलं’ ह्या बोलण्याला माझा आक्षेप आहे. तीन वर्षांनी घेणाऱ्याला अर्ध्या किमतीत चांगला खेळ मिळतो आणि पहिल्या दिवशी विश्वास टाकणाऱ्याला पूर्ण किमतीत कच्चा. खेळांच्या धंद्यात हल्ली भाबड्या माणसाला दंड होतो.

असा दंड भरलेल्या दोन माणसांची हकीकत सांगतो. इंग्लंडातल्या गिल्डफर्डची हॅलो गेम्स ही मूठभर माणसांची कंपनी. तिचा ‘नो मॅन्स स्काय’ ऑगस्ट २०१६ मध्ये आला. प्रत्येक ग्रह गणिती सूत्रांतून जन्मलेला, आणि ग्रहांची संख्या दोनाचा चौसष्टावा घात, म्हणजे अठरावर अठरा शून्यं मांडा आणि थोडे आणखी. कंपनीचे प्रमुख शॉन मरे मुलाखतींतून सांगत आले होते की एवढ्या अफाट विश्वात दोन खेळाडू भेटण्याची शक्यता फार कमी, पण भेटले तर दिसतील. खेळ बाहेर पडला आणि लगेचच दोघांनी ठरवून तो योग जुळवून आणला. एकाच ग्रहावर, एकाच जागी दोघं उभे राहिले आणि आपापल्या पडद्यावरून जगाला दाखवू लागले. जागा तीच. माणूस मात्र एकालाही दिसेना. दोघंही एकाच ठिकाणी एकटे उभे.

ज्यांची मुलं-भावंडं आखातात किंवा बोटीवर आहेत अशी घरं ह्या सभागृहात पुष्कळ असतील. अशा माणसांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. हॅलो गेम्सने नंतर वर्षानुवर्षं फुकट सुधारणा दिल्या, २०१८ मध्ये खेळाडू एकमेकांना नीट दिसू लागले, आणि मरे मधली दोन वर्षं जवळजवळ मौन पाळून काम करत राहिले, ह्याबद्दल मला आदर आहे. तरीही माझं खरं मत सांगतो. हा खेळ आजही मला पिवळ्या कॅसेटसारखा वाटतो. दहा ग्रह पाहिले की अकराव्याचं काय होणार ते कळतं. झाडाचा रंग बदलतो, जनावराला एक पाय जास्त येतो. आमच्या जत्रेत दशावताराच्या रंगमंचावर एक पडदा आणि एक बाकडं असतं. त्या बाकड्याचं सिंहासन होतं, मग डोंगर, मग रथ. संवाद कुठं लिहिलेले नसतात, नट तिथल्या तिथं रचतो, आणि पहाटे तीनला थंडीत घोंगडी पांघरून बसलेल्या माणसाला पुढं काय होणार ते ठाऊक असूनही तो उठत नाही. एका बाकड्यातून जे निघतं ते एवढ्या ग्रहांतून का निघत नाही, ह्याचा विचार खेळ करणाऱ्यांनी करावा. माझ्या मते त्याचं कारण सोपं आहे. बाकड्यावर कोणीतरी बसलेलं असतं.

जुगाराविषयी थोडक्यात बोलतो, कारण गोव्यात ह्या विषयावर लांबण लावण्यात अर्थ नाही. २०१७ च्या नोव्हेंबरात ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ आला. त्यातली नामांकित पात्रं मिळवायला एक तर दिवसचे दिवस खेळा किंवा पैसे टाकून बंद पेट्या विकत घ्या. पेटीत काय निघेल ते नशीब. खेळाडूंनी इतका गदारोळ केला की खेळ बाहेर पडायच्या आदल्या दिवशी कंपनीला पैसे घेणं थांबवावं लागलं. पुढल्या वर्षी बेल्जियमने अशा पेट्यांना जुगार ठरवलं. आपल्या जत्रांतून गडगड्याचा पट मांडून बसणारे तुम्ही पाहिलेत. तो धंदा मला आवडत नाही, पण निदान फासा तुमच्यासमोर पडतो, आणि पट मांडणारा तुमच्या सात वर्षांच्या नातवाला ‘तू शूर योद्धा आहेस’ असं सांगत नाही.

आता आपल्या देशाकडे येऊ. इथं मी अधिक कठोर होणार आहे, कारण आशा अधिक होती.

२००९ मध्ये सोनीने प्लेस्टेशन २ वर ‘हनुमान: बॉय वॉरियर’ काढला, हैदराबादच्या ऑरोना कंपनीने केलेला. भारतात पूर्णपणे तयार झालेला तसल्या यंत्रावरचा पहिला खेळ म्हणून त्याचा गाजावाजा झाला. अमेरिकेतल्या काही हिंदू नेत्यांनी आक्षेप घेतला की देवाला बटणांनी नाचवणं हा देवाचा अपमान आहे. मला तो आक्षेप पटला नाही. आपल्याकडे तर माणूस तोंडाला रंग लावून देव होतो आणि आपण त्याच्या पाया पडतो. अपमान दुसऱ्याच गोष्टीत होता. त्या खेळात हनुमंताची उडी धड लागत नव्हती. समुद्र ओलांडणाऱ्याला सहा फुटांचा ओढा ओलांडता येऊ नये, ह्यापुढे बाकीची टीका करायची गरजच उरत नाही.

‘फौजी’ तुम्हाला नावाने ठाऊक असेल. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने पबजीसकट ११८ अॅपवर बंदी घातली आणि दोनच दिवसांत अक्षयकुमारने ह्या खेळाची घोषणा केली. बंगळुरूच्या एनकोअर गेम्सने तो २६ जानेवारी २०२१ ला आणला. विषय गलवान खोऱ्याचा, उत्पन्नाचा काही वाटा हुतात्म्यांच्या कुटुंबांसाठी. हेतू उदात्त. खेळ म्हणाल तर: चालत जा, समोर आलेल्याला मारा, शेकोटीपाशी बसून बरे व्हा, पुन्हा चालत जा. शत्रू एकामागून एक असे येतात की रेशनच्या रांगेतही अधिक चुरस असते. हे उघड बोललं की लोक देशभक्तीवर संशय घेतात. पण रामाचं काम करणाऱ्याचं पाठांतर कच्चं असेल तर ‘रामाचं नाटक आहे, गप्प बसा’ असं आपण म्हणतो काय? रामाचं आहे म्हणूनच जास्त बोलतो.

पुण्याच्या सुपरगेमिंगचा ‘इंडस’ २०२२ पासून गाजत होता, एक कोटीहून अधिक लोकांनी आगाऊ नावं नोंदवली होती, आणि तो आला ऑक्टोबर २०२४ मध्ये. त्याची सजावट आपली आहे, चाल परक्याची. त्याच्याबद्दल एवढंच.

पुण्याच्याच ‘राजी’ वर मात्र मला थांबायचंय. नॉडिंग हेड्स गेम्स ही लहानशी मंडळी. लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न फसला तरी त्यांनी काम सोडलं नाही, आणि २०२० मध्ये ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ बाहेर आला. राजी ही डोंबाऱ्यासारखी कसरती करणारी मुलगी. असुर तिचा धाकटा भाऊ गोलू याला पळवून नेतात; ती त्याला शोधत निघते. दुर्गा आणि विष्णू वरून तिच्याकडे बघत आपसांत बोलत असतात, म्हणजे सूत्रधारच. कथेचा मागचा भाग छायाबाहुल्यांच्या पद्धतीने उलगडतो. खांबावरून खांबावर जाताना तिची वेणी, तिचे हात, भिंतींवरचे रंग, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रात्री एक वाजता मी बायकोला उठवलं. आपल्या जवळच्या माणसांनी केलेलं काहीतरी जगातल्या कुठल्याही खेळाशेजारी ठेवण्यासारखं दिसत होतं.

तरीही हा खेळ पडलेल्यांत का मोडतो? पाच-सहा तास झाले, राजी अखेर महाबलासुरापर्यंत पोचली, लढाई झाली, आणि खेळ संपला. संपला म्हणजे आवरता घेतला. भावाबहिणीचं काय झालं हे ज्या तऱ्हेने सोडून दिलंय त्यावरून कळतं की पैसे किंवा दिवस संपले असावेत. कीर्तनकाराने आख्यान ऐन रंगात आणावं आणि शेवटची बस आहे म्हणून उठून जावं, तसं. लढायाही नंतर नंतर एकसुरी होतात. आणि आणखी एक. दुर्गा आणि विष्णू मूळ आवृत्तीत बोलतात ते इंग्रजीत. बाजारपेठेसाठी ते करावं लागलं असेल, ते मला समजतं. पण ज्या कानांनी देवांना मराठीत गाताना, रागावताना, थट्टा करताना ऐकलंय त्यांना ते संवाद पाट्या वाचल्यासारखे लागतात. मी ‘राजी’ दोनदा खेळलो आणि दोन्ही वेळा शेवटी चिडलो. वाईट खेळावर मी चिडत नाही, तो काढून टाकतो.

परक्यांनी आपला प्रदेश दाखवला त्याचंही एक उदाहरण देतो. ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ हा २०१७ चा अमेरिकन खेळ पश्चिम घाटात घडतो. चोर्ला घाटातून जुलैत खाली येताना दिसतो तसा ओला हिरवा सह्याद्री त्यांनी उभा केलाय, लाल चिखलासकट. जगभर नावाजलेला खेळ. मला तो अर्धाच आवडला. जीप घेऊन मी तो सारा घाट फिरलो आणि बंदूकवाल्या भाडोत्री शिपायांखेरीज माणूस सापडला नाही. होयसळांची देवळं आहेत, पुजारी नाही. रानात गुराखी नाही, वाटेवर चहाची टपरी नाही, सीमेवरचा राखणदार नाही. आपल्या डोंगरात देवळापुढं नारळाची करवंटी तरी पडलेली असते.

भाषेकडे वळतो. आमच्यासारख्या घरांतलं मूल कोकणीत बोलतं, मराठीत वाचतं आणि इंग्रजीत खेळतं. पहिल्या दोन भाषांचं नातं काय ह्यावर आपण गेली साठ वर्षं बोलत आलोय. तो विषय आज नको. तिसरीबद्दल कोणीच बोलत नाही. कॅनडातल्या एका लहान मंडळीने २०२३ मध्ये ‘वेंबा’ नावाचा खेळ काढला. १९८० च्या दशकात टोरांटोला गेलेली तमिळ बाई, तिचा नवरा, तिथं जन्मलेला मुलगा. आईच्या जुन्या वहीतल्या पाककृती डागाळून पुसट झाल्यात. त्या जुळवून तुम्ही इडली, बिर्याणी, रसम करायचं. आई तमिळ बोलते तेव्हा पडद्यावरची तिची वाक्यं सफाईदार असतात. ती इंग्रजी बोलू लागली की तीच बाई अडखळते. मुलाला न कळलेले शब्द पडद्यावर धूसर उमटतात. सगळा खेळ दीड तासाचा. त्याला ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. रसम घोटभर असतं, म्हणून कोणी ते कमी असल्याची तक्रार केलेली मी ऐकली नाही.

२०१९ च्या फेब्रुवारीत गोव्याचे तेव्हाचे माहिती तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे यांनी पबजी हा घराघरातला राक्षस झाल्याचं सांगितलं आणि त्यावर निर्बंधांची गरज बोलून दाखवली. पुढं बंदी आली ती केंद्राची, देशाच्या सुरक्षिततेचं कारण देऊन. आणि २०२१ च्या जुलैत तोच खेळ नाव बदलून परतही आला. आयांची काळजी खोटी होती असं मी म्हणणार नाही. माझ्या दुकानात त्या रडल्या आहेत. पण राक्षस म्हटलं की आम्हा पेडणेकरांना संकासुर आठवतो. तो राक्षसच, तरीही सगळं गाव त्याची वाट बघत बसतं आणि तो कसा नाचला ह्यावर सकाळी वाद घालतं. पबजीच्या सगळ्या गदारोळात, हा खेळ केलाय कसा, हे एकाही वडीलधाऱ्याने विचारलं नाही. मी सांगतो, फार हुशारीने केलाय. मैदान हळूहळू आवळत नेणारं ते वर्तुळच खरा नट आहे. हे ज्याला कळतं त्याला आपण किती वेळ अडकलो हेही कळतं.

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ लॅपटॉप घेऊन दुकानात आले. पूर्वी खाणीवर त्यांचे दोन ट्रक होते. २०१२ ला खाणी थांबल्या तेव्हा एक विकला. सोबत नववीतली मुलगी. लॅपटॉप बिघडलाय, खेळ सुरू होत नाही, आणि दोन दिवस ही जेवत नाही, असं ते कोकणीत म्हणाले. मी पाहिलं. लॅपटॉप ठणठणीत होता. खेळ ज्या दूरच्या यंत्रांवर चालायचा ती कंपनीने कायमची बंद केली होती. हे आता सर्रास होतं. सोनीचा ‘कॉनकॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. त्यांनी निदान पैसे परत केले. ‘द क्रू’ हा गाड्यांचा खेळ नऊ वर्षांवर चालवून मार्च २०२४ मध्ये बंद केला, तेव्हा युरोपातल्या खेळाडूंनी मोहीम उघडली आणि दहा लाखांवर सह्या जमवल्या. आपण विकत घेतो ती वस्तू नसते, वापराची परवानगी असते. कॅलिफोर्नियाने २०२५ पासून दुकानांना हे खरेदीआधी स्पष्ट सांगायला लावलंय.

हे मी वडिलांना समजावलं. ते म्हणाले, बरं झालं, पीडा गेली. मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, ‘मग आमचं घर कुठं गेलं?’ तिने आणि मस्कतला असलेल्या तिच्या मावसबहिणीने त्या खेळात दोन वर्षं खपून एक घर बांधलं होतं. पडवी होती, तुळशीवृंदावन मिळेना म्हणून फुलदाणी एका चौथऱ्यावर ठेवून तिलाच तुळस म्हणायचं ठरलं होतं. वडील गप्प झाले. त्यांना हे ठाऊक नव्हतं. दोन वर्षांत त्यांनी त्या पडद्यावर काय आहे ते एकदाही पाहिलं नव्हतं, आणि तिने सांगितलंही नव्हतं, कारण सांगायचं कुठल्या शब्दांत?

घर परत आणून देणं माझ्या हातात नव्हतं. मी तिला एवढंच म्हटलं की ते कसं होतं ते लिहून काढ, आणि खेळात काय चांगलं होतं, काय फालतू होतं तेही लिही. मराठीत.

आता तुम्ही बाहेर पडताना मला विचाराल, नातवाला काय घेऊन देऊ. पहिल्या दिवशी काहीच घेऊ नका, महिनाभर थांबा. जाहिरातीतलं चित्र बघू नका, तुमच्याकडे जे यंत्र आहे त्याच यंत्रावर तो कसा चालतो ते कोणाला तरी विचारा. फुकट म्हणून मिळणाऱ्या खेळाची किंमत सर्वांत शेवटी कळते. ‘वेंबा’ साध्या लॅपटॉपवर चालतो, घरात आजी असेल तर तिला शेजारी बसवा. ‘राजी’ घ्या, शेवटाला चिडण्याची तयारी ठेवून. आणि पहिला तास स्वतः बसा. पाठीमागे उभं राहून चालत नाही.

त्या मुलीने तीन आठवड्यांनी अडीच पानं आणून दिली. निम्मे शब्द इंग्रजी आहेत, देवनागरीत लिहिलेले. बटण दाबल्यावर पडद्यावरचा माणूस जरा उशिराने हलतो, त्याला खेळाडू ‘लॅग’ म्हणतात. तिला मराठी शब्द सापडेना, तेव्हा आजीने दिला: ‘आळसतो’. ती पानं मी आज बरोबर आणलीत आणि संपादकांच्या हाती देतोय. शुद्धलेखन तपासावं, ‘आळसतो’ तसंच ठेवावं.